न खाणाऱ्या गटातले प्यो ड्रायव्हर

प्यो तेशिक यांनी आमच्या दुमुल तालुक्याची बस तीस-एक वर्षं चालवली. वरच्या अंगाला धरण झालं तेव्हा सोंगगोल नावाची वस्ती पाण्याखाली गेली. माणसं उठून गेली, घरं बुडाली, पण रस्ता उंचावर असल्यामुळे बसथांब्याचा खांब तेवढा राहिला. प्यो ड्रायव्हर रोज त्या खांबापाशी बस थांबवायचे, दार उघडायचे, कुणी चढत नाही एवढं बघायचे, दार लावायचे आणि पुढे निघायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "थांबा अजून यादीत आहे." पुढे डेपोने तो यादीतून काढला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिथे बस हळूसुद्धा केली नाही. एक म्हातारी डोंगरातून अळंबी गोळा करून त्या खांबाला टेकून हात करत होती, तिलाही पुढच्या थांब्यापर्यंत चालत यावं लागलं. ती अजून त्यांच्याशी बोलत नाही.

माझं बी-बियाण्यांचं दुकान डेपोच्या समोर आहे. हे सगळं मी बसल्या जागेवरून पाहिलेलं. म्हणून त्या हिवाळ्यात गावाला जेवढं आश्चर्य वाटलं, तेवढं मला वाटलं नाही.

निवृत्तीनंतर प्यो ड्रायव्हर घरी बसले. घरी बसले म्हणजे खरोखरच बसले. त्यांच्या पत्नी बोंगसुनवहिनी झाडू घेऊन आल्या की पाय वर घ्यायचे, झाडू पुढे गेला की खाली ठेवायचे. वहिनींनी वर्षभर हे सहन केलं. मग गावातल्या आंबवण संशोधन केंद्राने साठीपुढची माणसं हवीत अशी जाहिरात लावली, तेव्हा त्यांनी नवऱ्याला न विचारता त्याचं नाव देऊन टाकलं.

आमच्या तालुक्याचं पोट आंबवण्यावर चालतं. सोयाबीनचं त्वेनजांग, मिरचीचं खोचुजांग, सोयासॉस, कोबीची तिखट किमची, खारवलेली कोळंबी, हे सगळं इथून देशभर जातं. हे खाऊन पोट आणि रक्तदाब सुधारतो असं आम्ही सगळे समजून होतोच. केंद्राला ते शास्त्राने दाखवायचं होतं. सिद्ध झालं की डब्यांवर छापता येईल, असं तालुकाप्रमुख भाषणात म्हणाले. भाग घेणाऱ्याला संपूर्ण तपासणी फुकट आणि जिनसेंग या औषधी मुळीच्या अर्काची पेटी भेट.

केंद्राच्या सभागृहात पन्नास-साठ माणसं जमली. माझी बायको नावनोंदणीला गेली होती, तिला सोडायला म्हणून मी गेलो होतो. तिथे कू हेरिम नावाची संशोधक उभी होती. तिशीतली, राजधानी सोलहून आलेली, पांढऱ्या कोटाच्या खिशात चार पेनं. सगळ्यांना 'बाबा' आणि 'आई' म्हणायची, त्यामुळे म्हाताऱ्यांना ती पहिल्या पाच मिनिटांत आवडली.

"दोन गट करणार आहोत," ती म्हणाली. "पेटीत हात घालून एक चेंडू काढायचा. लाल आला तर रोज तिन्ही वेळा आम्ही देऊ तेवढी किमची आणि त्वेनजांग खायचं. पांढरा आला तर नव्या वर्षाच्या सणापर्यंत आंबवलेलं काहीही खायचं नाही."

सभागृहात हशा पिकला. ती विनोद करते आहे असं लोकांना वाटलं.

माझ्या बायकोला लाल आला. प्यो ड्रायव्हरना पांढरा आला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला.

"काहीही म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"किमची नाही, त्वेनजांग नाही, खोचुजांग नाही, सोयासॉस नाही. खारवलेली मासळी नाही. तांदळाची दारू नाही. व्हिनेगर नाही."

"पाव?"

हेरिम थांबली. तिने यादीकडे बघितलं. "पावात यीस्ट असतं," ती हळूच म्हणाली. "बरोबर आहे, बाबा. पावही नाही."

पांढऱ्या चेंडूवाल्यांनी एकजात वळून त्यांच्याकडे बघितलं. विजेच्या सामानाचं दुकान असलेले क्वाक त्यांच्या शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "ड्रायव्हर, तोंड आवर. आणखी दोन प्रश्न विचारलेस तर भातही जाईल."

"वास घेतला तर?" प्यो ड्रायव्हरनी विचारलं.

"वास चालेल," हेरिम म्हणाली. "बाबा, नक्की जमेल ना? नाही म्हणालात तरी काही हरकत नाही."

"जमेल," ते म्हणाले आणि सही केली.

घरी हे ऐकल्यावर बोंगसुनवहिनींनी चुलीवरचं सार खाली उतरवलं. त्यांच्या हातची किमची तालुक्यात नावाजलेली. पुसानला दिलेली लेक दर महिन्याला डबा मागवते आणि शेजारणींना वाटून मोठेपणा मिळवते. गच्चीवर त्यांचे रांजण उंचीप्रमाणे लावलेले, रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसलेले.

"मग मी तुम्हाला वाढू काय?" त्यांनी विचारलं.

"मीठ चालतं."

"मीठ! मिठाशी भात खाणार?"

"अंडं चालतं. टोफू चालतो. तिळाचं तेल चालतं. भाजलेला मासा चालतो."

"आणि माझ्या हातचं काय चालतं?"

प्यो ड्रायव्हरनी विचार केला. "भात," ते म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांच्या घरी दोन स्वयंपाक होऊ लागले. वहिनींसमोर त्वेनजांगचं सार उकळत असायचं आणि पलीकडे यांच्यासमोर उकडलेलं अंडं, मिठातला मुळा, समुद्री शेवाळाची भाजलेली पानं. सुरुवातीला वहिनी मुद्दाम साराचं भांडं यांच्या बाजूला सरकवायच्या. हे वाफेखाली नाक नेऊन वास घ्यायचे, 'छान झालंय' म्हणायचे आणि अंडं खायचे. यामुळे वहिनींचा संताप दुप्पट व्हायचा.

पुतण्याच्या लग्नात ते घरून उकडलेली रताळी घेऊन गेले. हॉलमध्ये जेवणाची लांबलचक मांडणी होती. एका बाजूला शेवया, एका बाजूला मांस, मध्ये तीन तऱ्हेची किमची. प्यो ड्रायव्हर कोपऱ्यातल्या टेबलावर बसून रताळ्याची साल काढत होते. वहिनींचा धाकटा भाऊ हातात पेला घेऊन तिथे आला.

"काय भावोजी, ताईने जेवण बंद केलं वाटतं?"

"संशोधन चालू आहे."

"कसलं?"

"आंबवलेलं न खाल्ल्यावर काय होतं त्याचं."

"काय होतं?"

"अजून कळलेलं नाही," ते म्हणाले. "वारा फार सरतो, पण तो रताळ्याचा असू शकतो."

भावाने हे माइकवर जाऊन सांगितलं. नवरीसुद्धा हसली. वहिनी घरी येईपर्यंत बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

दर पंधरवड्याला केंद्रात नमुना द्यावा लागायचा. नमुना म्हणजे सकाळचाच. त्यासाठी केंद्राने झाकणाच्या डब्या आणि बर्फाच्या निळ्या पेट्या दिल्या होत्या. बाकीचे लोक केंद्राची गाडी येईपर्यंत थांबायचे. प्यो ड्रायव्हर स्वतः पेटी घेऊन, एकेकाळी आपणच चालवलेल्या बसने जायचे आणि पेटी मांडीवर ठेवून ताठ बसायचे. नव्या ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "दादा, मासे नेताय का?"

"नाही," ते म्हणाले. "माझंच आहे."

त्याने पुन्हा विचारलं नाही.

सार्वजनिक स्नानगृहात पांढऱ्या गटाची माणसं आठवड्याला भेटायची. एकदा मीही गरम पाण्याच्या हौदात मानेपर्यंत बुडून बसलो होतो. क्वाक डोळे मिटून म्हणाले, "काल सुनेने किमची घालून सार केलं. दोन घास घेतले. दोन घासांनी काय होतंय?"

"मी फक्त रस्सा घेतो," दुसरा एक जण म्हणाला. "तुकडे बाजूला काढतो."

"मी रविवारी खातो. रविवारी केंद्र बंद असतं."

मग सगळे प्यो ड्रायव्हरकडे वळले. त्यांच्या डोक्यावर घडी केलेला टॉवेल होता.

"तू, ड्रायव्हर?"

"मी नाही खात."

"अजिबात?"

"ती म्हणाली खायचं नाही."

"अरे, पण कोण बघतंय?"

हा प्रश्न प्यो ड्रायव्हरना समजला नाही असं मला वाटलं. त्यांनी हौदात इकडेतिकडे बघितलं, जणू कुणी बघत असलं तर ते कुठे बसलंय ते शोधत होते. मग ते उठले आणि थंड पाण्याच्या हौदाकडे गेले.

पुढे एकदा ते दुकानात आले तेव्हा मी त्यांना सरळच विचारलं. "दादा, खरं सांगा. हे कशासाठी चाललंय? जिनसेंगच्या पेटीसाठी?"

"जिनसेंग मला पचत नाही."

"मग?"

ते बराच वेळ कोबीच्या बियांची पाकिटं बघत राहिले. "त्या मुलीने विचारलं, जमेल का. मी म्हटलं, जमेल. न जमणारे आणखी कुणी असतील तर ते त्यांनी सांगायला हवं होतं."

त्यांना त्रास होत नव्हता असं मात्र नाही. एका दुपारी वहिनी वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या, तर हे मोठ्या रांजणाचं झाकण काढून आत डोकं घालून उभे होते. वहिनींना वाटलं, चला, एकदाचं खाल्लं. त्या दबक्या पावलांनी जवळ गेल्या. हे नुसते श्वास घेत होते. हात पाठीमागे बांधलेले.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "एक पान खा. मी कुणाला सांगणार नाही. मी बघितलंसुद्धा नाही असं समजा."

"तू समोर उभी आहेस."

"मी खाली जाते."

"झाकण लावून घे जाताना," ते म्हणाले, आणि आधी स्वतः खाली गेले.

मग किमजांग आला, वर्षाची किमची घालायचा दिवस. वहिनींच्या दोन्ही बहिणी आल्या, शेजारणी आल्या. अंगणात रात्रभर मिठात मुरलेल्या कोबीचा ढीग लागला. लाल रबरी हातमोजे, मिरचीच्या मसाल्याच्या पराती, चुलीवर डुकराच्या मांसाचं पातेलं. या घरात या दिवशी एक रीत होती. मसाला तयार झाला की वहिनी कोबीच्या पिवळ्या पानात तो गुंडाळायच्या आणि पहिला घास नवऱ्याच्या तोंडात द्यायच्या. नवरा चावायचा आणि 'मीठ कमी' किंवा 'बरोबर' एवढंच बोलायचा. त्यावर मसाला ठरायचा. लग्न झाल्यावर सासूने मुलाच्या जिभेवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं, आणि वहिनींनी पुढे कधी स्वतःच्या जिभेला विचारलंच नव्हतं. कोबी, मिरची, लसूण, खारी कोळंबी, सगळं त्यांच्या हाताचं. शेवटचा शब्द तेवढा त्यांचा नव्हता.

त्या दिवशीही वहिनींनी पान गुंडाळलं आणि हात पुढे केला.

प्यो ड्रायव्हरनी तोंड उघडलं नाही.

"ही आंबलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "ही आत्ता कालवली. हा कोबी काल शेतात होता."

यात तथ्य होतं. प्यो ड्रायव्हरनी खिशातून फोन काढला आणि केंद्रात लावला. हेरिमने उचलला. त्यांनी स्पीकर चालू केला, म्हणजे बायकांनाही ऐकू जावं.

"बाई, आज घातलेली किमची आंबवलेली धरायची का?"

"आज घातलेली... थांबा हं, बाबा." कागद चाळल्याचा आवाज आला. "कोबी आंबलेला नाही. पण मसाल्यात खारवलेली कोळंबी घालता ना?"

"घालतो."

"ती आंबवलेली असते."

"मग नाही?"

"नाही, बाबा. माफ करा."

"माफी कशाला," प्यो ड्रायव्हर म्हणाले आणि फोन ठेवला.

वहिनींचा हात अजून हवेत होता. पानातून लाल रस मनगटावर ओघळत होता. थोरली बहीण पुटपुटली, "त्या पोरीला कुणीतरी सासर दाखवा म्हणजे कळेल." धाकटी म्हणाली, "ताई, मला दे, मी सांगते." पण दोन्ही बहिणींच्या जिभांवर वहिनींचा भरवसा नव्हता. एकीला सगळं अळणी लागायचं, दुसरीला सगळं छान लागायचं.

मग वहिनींनी तो घास स्वतःच्या तोंडात टाकला. सगळ्या त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांनी सावकाश चावलं. परातीत आणखी थोडी कोळंबी टाकली, थोडा पेअरचा कीस टाकला, हात घालून पुन्हा कालवलं, पुन्हा चाखलं.

"हं," त्या म्हणाल्या. "भरा."

संध्याकाळपर्यंत सगळे डबे भरले. प्यो ड्रायव्हरनी ते एकेक करून उचलून आत नेले. जेवताना बायकांनी मांस आणि ताजी किमची खाल्ली. त्यांनी मांस मिठाशी खाल्लं. त्या दिवशी वहिनी त्यांच्याशी बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, पण नळ गळतोय एवढंच.

दोन आठवड्यांत डबे वाटले गेले आणि सगळीकडून फोन यायला लागले. पुसानच्या लेकीने विचारलं, "आई, या वर्षी काय घातलंस? शेजारीण रेसिपी मागतेय." थोरली बहीण स्वतः डबा परत द्यायला आली आणि आणखी मागून गेली. माझ्याकडेही एक डबा आला होता. खोटं कशाला सांगू, आधीच्या वर्षांपेक्षा सरस होती. माझी बायको लाल गटात असल्यामुळे तिला केंद्राच्या किमचीचा वीट आला होता, तरी तिने ही चोरून खाल्ली. हाही नियमभंगच होता, पण तिला तसं वाटलं नाही.

वहिनी फोन ठेवायच्या आणि नवऱ्याकडे बघायच्या.

"चांगली झालीय म्हणतात," हे म्हणायचे.

"म्हणतात," त्या म्हणायच्या.

नवं वर्ष आलं. सणाच्या सकाळी सगळ्या घरात सोयासॉस घातलेलं तांदळाच्या वड्यांचं सार खाल्लं गेलं, आणि प्यो ड्रायव्हरनी वड्या मिठाच्या पाण्यात खाल्ल्या. पूर्वजांच्या पूजेनंतरची दारू त्यांनी ओठांपर्यंत नेली, पूर्वजांची क्षमा मागितली आणि पेला आपल्या भावाकडे दिला. मग शेवटचा नमुना दिला. नंतर केंद्राकडून फोन आला की आणखी एक द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. पेटी मांडीवर घेऊन पुन्हा बसने गेले. निकाल लागेपर्यंत खायचं की नाही याबद्दल कुणी काही बोललेलं नव्हतं, म्हणून त्यांनी खाल्लं नाही.

निकालाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत तालुकाप्रमुख, मागे त्वेनजांगचे कारखानदार, त्यामागे दोन्ही गट. केंद्रप्रमुखांनी पडद्यावर आलेख दाखवला. लाल गटाची लाल रेघ आणि पांढऱ्या गटाची निळी रेघ एकमेकींना चिकटून चालल्या होत्या.

"दोन्ही गटांमध्ये," केंद्रप्रमुख घसा साफ करत म्हणाले, "पोटातल्या जंतूंमध्ये, रक्तदाबात किंवा साखरेत काहीही फरक आढळला नाही."

तालुकाप्रमुखांनी हात वर केला.

"म्हणजे एवढं त्वेनजांग खाऊन माणसाला काहीच होत नाही?"

"या अभ्यासात तरी तसं दिसलं."

"आणि अजिबात न खाऊनही काही होत नाही?"

"तसंच म्हणावं लागेल."

एक कारखानदार उठला. "मग आम्ही डब्यावर छापायचं काय?"

"नुकसान होत नाही, असं छापा," मागून कुणीतरी म्हणालं, पण कुणी हसलं नाही.

त्या सभागृहात पांढऱ्या गटातले तीसेक लोक बसले होते. फरक का पडला नाही हे त्या प्रत्येकाला नेमकं माहीत होतं. क्वाक आपल्या बुटांची नाडी बघत होते. रविवारवाल्या गृहस्थांना अचानक खोकला आला. रस्सा पिणारे छताकडे बघत होते, तिथे एक दिवा मिणमिणत होता. तालुक्याचं वर्षभराचं नाव, कारखानदारांचे डबे आणि शास्त्राची इज्जत वाचवायला एका माणसाने उठून 'मी खाल्ली' म्हणणं पुरेसं होतं. कुणी उठलं नाही. माझ्या बायकोने माझ्या मांडीला चिमटा काढला, म्हणजे मी काही बोलू नये.

बोंगसुनवहिनी नवऱ्याला कोपराने ढोसत होत्या. "सांगा ना."

"काय सांगू?"

"यांनी खाल्लं म्हणून."

"मी बघितलं नाही."

"हौदात सांगितलं ना तुम्हाला?"

"हौदात सांगितलं ते मला सांगितलं," ते म्हणाले.

सभा संपली. दाराशी हेरिमने त्यांना गाठलं. तिचा चेहरा उतरला होता. आम्ही दोन पावलं मागे होतो.

"बाबा, तुम्हाला एक सांगायला हवं. आलेखात तुमचे आकडे नाहीत. आम्ही ते काढून टाकले."

"काय चुकलं माझं?"

"चुकलं काही नाही. तुमचे आकडे बाकीच्यांसारखे नव्हते. सगळ्यांच्या पोटात जे जंतू भरपूर सापडले, ते तुमच्यात जवळजवळ नाहीतच. आधी वाटलं, नमुना खराब झाला. म्हणून दुसरा मागवला. तोही तसाच निघाला. एक माणूस इतका वेगळा निघाला की त्याला बाजूला ठेवायची पद्धत असते."

"हे वेगळे आहेत हे मला आधी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं," वहिनी म्हणाल्या.

हेरिमने प्यो ड्रायव्हरकडे बघितलं. "बाबा, तुम्ही नेमकं काय खात होतात?"

"तुम्ही सांगितलं ते."

"आणि नको म्हटलं होतं ते?"

"ते नाही."

"एकदाही?"

"वास घेतला," ते म्हणाले. "वास चालेल म्हणाला होतात."

हेरिम पायरीवर बसली. पांढऱ्या कोटातच बसली, पायरी ओली होती. पार्किंगमध्ये पांढऱ्या गटाची माणसं घाईघाईने गाड्या काढत होती. तिने त्या गाड्यांकडे बघितलं, मग पुन्हा यांच्याकडे.

"आणि बाकीचे?"

"दुसऱ्याच्या ताटात मी बघत नाही."

तिने खिशातली पेनं सरळ केली. मग म्हणाली, "म्हणजे मी ज्याला काढून टाकलं तो एकटाच खरा होता."

"मग परत घाला."

"एका माणसाचा गट होत नाही, बाबा."

प्यो ड्रायव्हरनी मान हलवली. टोपी घातली. घरी जाताना ते बसमध्ये एक अक्षर बोलले नाहीत. नेहमीही फारसं बोलत नसत, पण वहिनींना फरक कळला. डेपोपाशी उतरल्यावर ते माझ्या दुकानासमोर थांबले आणि मला म्हणाले, "मी बरोबर केलं होतं ना?"

"बरोबरच केलं होतं, दादा."

"मग काढलं कशाला?"

मी दुकानाचं कुलूप काढायला वळलो. वहिनींनी त्यांची बाही धरली. इतक्या महिन्यांत प्रथमच त्यांचा आवाज मऊ होता. "चला घरी," त्या म्हणाल्या. "वाढते."

वहिनींनी किमजांगच्या दिवशीचा डबा उघडला. आता ती चांगली आंबली होती. पानं लांब फाडली आणि गरम भातावर ठेवली. यांनी घास घेतला. वहिनी चॉपस्टिक हातात धरून बसून राहिल्या.

"खारट आहे," ते म्हणाले.

"काय?"

"फार खारट आहे."

याआधीच्या कोणत्याही वर्षी एवढ्यावर वहिनींनी पुढच्या वेळचं मीठ कमी केलं असतं. त्या उठल्या नाहीत. त्यांनी त्याच डब्यातलं पान स्वतः खाल्लं.

"खारट नाही," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस उकडलेली अंडी खाऊन तुमच्या जिभेला सगळंच खारट लागतंय. किमची बरोबर आहे."

प्यो ड्रायव्हरनी आणखी एक पान खाल्लं, पाणी प्यायले आणि काही म्हणाले नाहीत. पुढे महिनाभर ते प्रत्येक घासाला पाणी प्यायचे. हळूहळू पाणी कमी झालं. वसंतात एकदा जेवताना ते स्वतःहून म्हणाले, "बरोबर आहे."

"मला माहीत आहे," वहिनी म्हणाल्या आणि सार वाढलं.

हेरिम वसंतभर त्यांच्या घरी येत राहिली. एका माणसाचा गट होत नसला, तरी आंबवलेलं खाणं थांबवून पुन्हा सुरू केलेल्या एका माणसाच्या पोटात काय होतं, ते बघता येतं असं तिने वरिष्ठांना पटवलं होतं. निळी पेटी घ्यायला ती स्वतः यायची. पहिल्या खेपेला वहिनींनी तिला ओट्यावरच उभं ठेवलं. दुसऱ्या खेपेला आत बसवलं, कारण पाऊस होता. तिसऱ्या खेपेला जेवायला घातलं.

"तुला करायला येते का किमची?" वहिनींनी विचारलं.

"नाही, आई. मी विकत आणते."

"त्यातले जंतू मोजतेस, आणि विकत आणतेस?"

"मोजायला सोपी असते."

"लग्न?"

"नाही झालं."

"तरीच," वहिनी म्हणाल्या आणि तिच्या भातावर आणखी एक पान ठेवलं.

उन्हाळ्यात तिचा छोटासा लेख एका शास्त्रीय मासिकात आला. तिने त्याची प्रत आणून दिली. प्यो ड्रायव्हरनी चष्मा लावून पहिली ओळ मोठ्याने वाचली. त्यात त्यांचं नाव नव्हतं. 'डोंगराळ भागात राहणारा एक वृद्ध निरोगी पुरुष' असं लिहिलं होतं.

"निरोगी?" वहिनी म्हणाल्या. "गुडघ्याला मलम मग कुणाला चोळते मी?"

"वृद्ध बरोबर आहे," प्यो ड्रायव्हर म्हणाले. पुढचं सगळं त्यांनी वाचलं. बरंचसं समजलं नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. त्यांच्या पोटातले जंतू पंधरा-वीस दिवसांत परतायला लागले होते, म्हणजे त्यांच्या जिभेच्या आधी, असा एकंदर अर्थ होता. लेख त्यांनी कुणाला दाखवला नाही. मला दाखवला, पण मी आधी हात धुतल्यावर.

त्या वर्षीच्या किमजांगला वहिनींनी पहिला घास स्वतः खाल्ला. यांच्याकडे रांजण धुवायचं आणि डबे उचलायचं काम होतं. थोरली बहीण म्हणाली, "भावोजींना विचारत नाहीस?" वहिनी म्हणाल्या, "ते कामात आहेत."

डबे उचलून झाल्यावर घरातला फोन वाजला. केंद्राचा होता. नवा अभ्यास निघत होता. या वेळी खारवलेल्या कोळंबीचा. न खाणाऱ्या गटासाठी एक तरी भरवशाचा माणूस हवा होता. हेरिमने अजिजीने विचारलं, बाबा आहेत का.

वहिनींनी लाल हातमोज्याने फोन कानाला धरला होता. प्यो ड्रायव्हर समोरच ओट्यावर बसून उकडलेल्या मांसाचा तुकडा पानात गुंडाळत होते.

"घरी नाहीत," वहिनी म्हणाल्या.

"मी इथेच आहे," प्यो ड्रायव्हर मोठ्याने म्हणाले.